सैल ठोकळ्याची जबाबदारी कोणाची?

संरक्षण खात्याच्या कारभाराची चर्चा करताना आपली समाजवादी मंडळी बहुधा अंदाजपत्रकातील एकूण आकड्यापाशी थांबतात. संरक्षणावर किती आणि शिक्षणावर किती, ही तुलना रास्तच आहे. प्रस्तुत लेखकाने ती वर्गात आणि वर्गाबाहेर अनेक वर्षे केली आहे. परंतु खर्ची पडलेल्या रुपयाचे पुढे काय होते, तो ज्या वस्तूचे रूप घेतो ती वस्तू कशी बनते, कशी बिघडते, तिची दुरुस्ती कोण करतो आणि बिघाडाचे खापर अखेर कोणाच्या माथी फुटते, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणून आज एका अगदी लहान वस्तूविषयी लिहावयाचे आहे. तळहातावर मावेल एवढा तो पोलादाचा ठोकळा असतो आणि त्याला गॅस ब्लॉक म्हणतात.

रायफलीचे तत्त्व समजावयास कठीण नाही. काडतुसातील दारू पेटली की वायू निर्माण होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे लोटतो. नळीच्या पुढील भागात एक बारीक छिद्र ठेवलेले असते. गोळी त्या छिद्रापुढे सरकली की वायूचा थोडा अंश तेथून बाहेर येतो. याच जागी नळीला वेढून गॅस ब्लॉक बसविलेला असतो. तो या वायूला मागच्या दिशेने वळवतो. काही रायफलींत हा वायू दट्ट्याला ढकलतो, काहींत तो एका बारीक नलिकेतून सरळ बोल्टच्या वाहकापर्यंत पोचतो. त्या धक्क्याने बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना बोल्ट नवे काडतूस आत बसवतो. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. आता हा ठोकळा केसभर जरी सरकला, तरी त्याचे भोक आणि नळीचे छिद्र यांची जुळणी मोडते, वायू भलतीकडून निसटतो आणि बोल्ट अर्ध्या वाटेवरून परततो. पुंगळी अडकते, नाहीतर नवे काडतूस चढत नाही. मग ती स्वयंचलित रायफल दर गोळीला हाताने मागेपुढे ओढावी लागते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या रायफलीचे काम ती तिच्याहूनही वाईट रीतीने करू लागते.

हा ठोकळा नळीवर पक्का कसा करायचा, या प्रश्नात सारे अर्थशास्त्र दडलेले आहे. अमेरिकन सैन्याच्या एम-१६ रायफलीत पुढची माशी आणि गॅस ब्लॉक हे एकच अंग असून ते दोन निमुळत्या पिनांनी नळीला जखडलेले असते. रशियन कलाश्निकोव्हमध्येही ठोकळा नळीवर दाबून बसवून पिनेने पक्का करतात. पीन बसवावयाची म्हणजे ठोकळा आणि नळी एकत्र धरून भोक पाडावे लागते, ते रीमरने साफ करावे लागते, त्यासाठी जिग लागते आणि मुख्य म्हणजे जाणता फिटर लागतो. एकदा पीन ठोकली की रायफल जुनी होईतो तिच्याकडे पाहावे लागत नाही. दुसरी रीत स्वस्त आहे. ठोकळ्याला खालून दोन बारीक स्क्रू द्यायचे आणि ते नळीवर आवळायचे. त्याला अर्धे मिनिट लागते आणि फिटर लागत नाही. परंतु नळी तापते, निवते, दर गोळीला हादरते आणि स्क्रू हळूहळू सुटतो. मग दुरुस्ती कशी करावयाची? स्क्रूच्या टोकासाठी नळीला खळगी पाडावयाची, उष्णता सोसणारा चिकटद्रव लावावयाचा, अथवा सरळ पीन बसवावयाची. भोकच रुंदावले असेल तर ठोकळा बदलण्यावाचून गत्यंतर नाही. थोडक्यात, कारखान्याने जे काम टाळले तेच पुढे दुसऱ्या कोणाला तरी दुप्पट कष्टाने करावे लागते.

अमेरिकेत हा ‘दुसरा कोणी’ म्हणजे गिऱ्हाईक होय. एम-१६ची नागरी आवृत्ती, एआर-१५, कोल्ट कंपनी १९६४पासून विकत होती. तिच्या वायुयंत्रणेचे पेटंट यूजीन स्टोनर यांना १९६० साली मिळाले होते. त्याची मुदत १९७७ साली संपली आणि मग अनेक लहानमोठे कारखानदार या धंद्यात उतरले. नळी एकाकडून, ठोकळा दुसऱ्याकडून, नलिका तिसऱ्याकडून आणायची आणि घरच्या टेबलावर जोडायची, असा तेथे एक रिवाजच झाला आहे. (आपल्याकडे हाच उद्योग परवान्याशिवाय करणारा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली आत जाईल, आणि ते योग्यच आहे.) या बाजारात शेवटचा हात फिरवण्याचे काम कारखान्यातून उचलून ग्राहकाच्या घरी टाकलेले दिसते. किमतीच्या पाटीवर ते उमटत नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला कार्यक्षमता म्हणतात, कारण पुस्तक फक्त कारखानदाराची वही तपासते. हौशी ग्राहकाच्या हातात ठोकळा सैल झाला तर त्याचा रविवार वाया जातो, याहून अधिक काही बिघडत नाही. सैनिकाच्या हातात रायफल बंद पडली तर काय होते, हे पाहावयाचे असेल तर व्हिएतनामकडे वळले पाहिजे.

तेथे दोष ठोकळ्याच्या पिनेत नव्हता. ती पक्की होती. दोष त्या ठोकळ्यातून जाणाऱ्या वायूत होता. १९६३ साली अमेरिकन संरक्षण खात्याने एक लाखाहून अधिक नव्या रायफलींची मागणी नोंदविली. रायफलीचे यंत्र एका विशिष्ट दारूच्या हिशेबाने जुळवलेले होते. त्या दारूचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर ठरलेल्या मापात बसेना, तेव्हा १९६४ साली दुसऱ्या जातीची, गोल दाण्यांची दारू मान्य करण्यात आली. तिने यंत्राचा वेग वाढला आणि तिचा मळ अधिक साचू लागला. आधीच्या एम-१४ रायफलीच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा होता. नव्या रायफलीला तो दिला गेला नाही. दमट हवेत चेंबर गंजू लागला आणि पुंगळ्या आत चिकटून बसू लागल्या. भरीस भर म्हणून, या रायफलीला फारशी साफसफाई लागत नाही अशी समजूत पसरली होती आणि साफसफाईचे साहित्यही पुरेसे पोचले नव्हते. १९६७ साली हिल ८८१च्या लढाईतून एका मरीन सैनिकाने घरी पाठवलेले पत्र वृत्तपत्रात छापून आले. मेलेल्या सोबत्यांच्या शेजारी त्यांच्या उघडून ठेवलेल्या रायफली सापडत होत्या, असा त्या पत्राचा आशय होता. ते सैनिक मरताना शत्रूवर गोळी झाडत नव्हते, आपली रायफल दुरुस्त करीत होते.

यावर सैन्याच्या वरिष्ठांचे पहिले उत्तर असे होते की, जवान रायफल साफ करीत नाहीत. त्यात असत्य नव्हते, पण ते सोयीपुरते सत्य होते. ज्याला साफ करावयास फडके दिले नाही आणि साफ करावे लागेल असे सांगितलेही नाही, त्याने ते का केले नाही असे विचारण्यात आले! अमेरिकन प्रतिनिधिगृहाने रिचर्ड आयकोर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. तिचा ऑक्टोबर १९६७चा अहवाल आपल्या प्रत्येक संसदसदस्याने वाचावा अशा योग्यतेचा आहे. नवी दारू वापरली असता रायफली वेगाच्या चाचणीत नापास होत, म्हणून कोल्टला जुन्या दारूची काडतुसे वापरून रायफली पास करून घेण्याची मुभा दिली गेली होती, हे त्या चौकशीतून बाहेर आले. म्हणजे तपासनिसासमोर एक दारू आणि सैनिकाच्या मॅगझिनमध्ये दुसरी. दोष ठाऊक असूनही अधिकाऱ्यांनी तो दूर केला नाही, हे वर्तन गुन्हेगारी स्वरूपाच्या निष्काळजीपणाच्या सीमेवर जाते, असा शेरा समितीने मारला. पुढे क्रोमचा मुलामा आला, दारूत सुधारणा झाली, साहित्य पोचले. शिवाय जवानांना साफसफाई शिकविण्यासाठी सैन्याने प्रसिद्ध चित्रकार विल आइस्नर यांच्याकडून एक चित्रपुस्तिका करवून घेतली. चित्रपुस्तिका उत्तम होती. पण दारू बदलण्याचा निर्णय घेणाऱ्यांसाठी अशी पुस्तिका कोणी काढल्याचे दिसत नाही.

व्हिएतनामचे उदाहरण भांडवलशाही देशाचे, तेथे असेच होणार, असे म्हणून कोणी मोकळे होऊ नये. दुसरे उदाहरण सरकारी कारखान्याचे आहे आणि ते आपल्याला अधिक जवळचे आहे.

एनफिल्ड हे नाव आपल्याला १८५७च्या काडतुसांमुळे ठाऊक आहे. ईशापूरच्या कारखान्यात पुढे अनेक वर्षे ली-एनफिल्ड रायफली तयार होत असल्याने आपल्या पलटणींनाही ते परिचयाचे झाले. लंडनच्या उत्तरेस असलेला एनफिल्डचा हा सरकारी कारखाना १८१६पासूनचा. ब्रिटनची नवी रायफल एल-८५, जिला एसए-८० असेही म्हणतात, १९८५ साली सैन्यात दाखल झाली ती येथूनच. नेमक्या त्याच वर्षी सरकारी शस्त्रकारखान्यांची रॉयल ऑर्डनन्स नावाची कंपनी करण्यात आली आणि १९८७ साली थॅचरबाईंच्या सरकारने ती ब्रिटिश एरोस्पेस या कंपनीला सुमारे १९ कोटी पौंडांना विकली. विक्रीत कारखान्यांच्या जमिनींची किंमत नीट धरली गेली काय, यावर तेथील संसदेत बराच काथ्याकूट झाला. १९८८ साली एनफिल्ड बंद पडले, काम नॉटिंगहॅमला हलविण्यात आले आणि यथावकाश एनफिल्डच्या जागेवर घरांची वसाहत उभी राहिली. गिरणगावाच्या जमिनींचे काय झाले ते पाहिलेल्या मुंबईकर वाचकाला अधिक सांगणे नलगे.

आपली भट्टी उद्या विझणार आहे हे ज्या कामगाराला कळले आहे, त्याने आज बसवलेल्या पिनेचा दर्जा कसा असेल? हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण दीडशेहून अधिक वर्षांचे कसब नव्या शेडमध्ये लॉरीने वाहून नेता येत नाही, इतके कोणताही यंत्रकामगार सांगेल. रायफलीचा आराखडाही मुळात निर्दोष नव्हता, हेही सांगितले पाहिजे. १९९१च्या आखाती युद्धात वाळूत ती वारंवार अडली. त्याविषयीचा सैन्याचा अंतर्गत अहवाल फुटला, तेव्हा संरक्षण मंत्रालयाने प्रथम तो खरा असल्याचेच नाकारले. अखेर २०००च्या सुमारास जर्मनीच्या हेकलर अँड कोख कंपनीकडे सुमारे दोन लाख रायफली दुरुस्तीस सोपविण्यात आल्या. बोल्ट, पुंगळी ओढणारा आकडा, हातोडा, वायुयंत्रणेचे भाग, मॅगझिन असे पुष्कळ काही बदलण्यात आले. खर्च सुमारे ९ कोटी पौंड आला. यातील गंमत अशी की, ही जर्मन कंपनी १९९१पासून ब्रिटिश एरोस्पेसच्याच मालकीची होती. ज्या घराण्याच्या कारखान्यातून सदोष रायफली बाहेर पडल्या, त्याच घराण्याच्या दुसऱ्या दुकानात त्या दुरुस्त झाल्या, आणि दोन्ही वेळा बिल करदात्याने भरले. खासगीकरणाने जबाबदारी निश्चित होते, असे आपल्याला सांगितले जाते. ती कोणावर निश्चित होते एवढेच सांगावयाचे राहून जाते.

दुरुस्त झालेली रायफल चांगली ठरली, हे मान्य केले पाहिजे. तरी २००२ साली अफगाणिस्तानातून पुन्हा तक्रारी आल्या, तेव्हा मंत्रालयाच्या तज्ज्ञांनी कारण सांगितले ते जुनेच होते: मरीन सैनिकांची साफसफाईची रीत चुकीची आहे. या वेळी ते बहुतांशी खरेही असेल. परंतु ज्या खात्याने दहा वर्षे खरी तक्रार खोटी ठरवली, त्याच्या खऱ्या उत्तरावर तरी कोणी विश्वास का ठेवावा?

आता आपल्या घराकडे येऊ. इन्सास रायफलीचा आराखडा पुण्याच्या पाषाण येथील संशोधन संस्थेत तयार झाला. तिचे उत्पादन ईशापूर, तिरुचिरापल्ली आणि कानपूर येथील सरकारी कारखान्यांत होत आले. खासगी नफ्याचा येथे प्रश्नच नव्हता. तरीही १९९९च्या कारगिल युद्धात थंडीने प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या, रायफल अडकल्याच्या, झाडताना तेल डोळ्यांत उडाल्याच्या तक्रारी आल्या. २००५ साली नेपाळमध्ये कालिकोट येथील तळावर माओवाद्यांनी केलेल्या हल्ल्यात ४३ जवान मारले गेले; लढाईत इन्सासने दगा दिला असे नेपाळी सैन्याने जाहीरपणे म्हटले. आपल्या वकिलातीचे उत्तर काय होते? वापरण्यात चूक झाली असावी. वॉशिंग्टन असो, लंडन असो वा दिल्ली, या एका उत्तराबाबत भांडवलशाही आणि मिश्र अर्थव्यवस्था यांच्यात काहीच फरक उरत नाही.

म्हणून सार्वजनिक मालकी एवढे एकच मागणे पुरेसे नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी स्वतःशी स्पष्टपणे कबूल करावे. मालकी सरकारची असूनही कारखान्यातील फिटर आणि चौकीवरील जवान यांच्यामध्ये दहा टेबले असतील, आणि प्रत्येक टेबलावर तक्रारीची धार थोडी बोथट होत असेल, तर ती मालकी कागदावरचीच राहते. पलटणीतील आर्मरर हा या साखळीतला सर्वांत जाणता माणूस. कोणत्या रायफलीचा कोणता भाग कितव्या महिन्यात सैल होतो, हे त्याला पाठ असते. तो पीन ठोकतो, स्प्रिंग बदलतो, आणि त्याचे ज्ञान त्याच्या नोंदवहीतच राहते. ईशापूरचा कामगार आणि हा आर्मरर यांनी वर्षातून एकदा समोरासमोर बसावे, अशी व्यवस्था करावयास किती खर्च येईल? एका परदेशी शिष्टमंडळाच्या चहापानाइतकाही नाही.

सरकारने मार्ग निवडला तो वेगळाच. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडीत काढून ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या गेल्या. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा, भद्रावती या आपल्या गावांची नावे त्या यादीत विखुरलेली आहेत. कामगारांनी संपाची भाषा करताच आधी वटहुकूम आणि मग एक वर्षाच्या मुदतीचा कायदा आणून संपावर बंदी घातली गेली. ज्या संरक्षण कामगार महासंघाचे नेतृत्व एसेम जोशींनी केले, त्या महासंघाने या निर्णयाला विरोध केला. परंतु वृत्तपत्रांत त्या विरोधाची मांडणी झाली ती केवळ पगार आणि पेन्शन यांच्या भाषेत. पेन्शनचा प्रश्न खराच आहे. त्यापलीकडे, मालाचा दोष सांगण्याचा कामगाराचा अधिकार कोणत्या कंपनीच्या नियमावलीत लिहिला आहे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. आपणही फारसा विचारला नाही.

दरम्यान, इन्सास दुरुस्त करीत बसण्यापेक्षा ती बदलावी असे ठरले. २०१९ साली अमेरिकेहून ७२,४०० सिग रायफली मागविल्या गेल्या आणि २०२४ साली आणखी ७३,००० ची मागणी नोंदविली गेली. डिसेंबर २०२१मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार झाला. त्या अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे भारत आणि रशियाच्या संयुक्त कंपनीत तयार व्हावयाच्या आहेत. जुनी वस्तू केव्हा दुरुस्त करावी आणि केव्हा टाकावी, याचा हिशेब अर्थशास्त्रात आहे. आजवर झालेला खर्च विसरायचा, पुढच्या दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या खर्चाशी ताडून पाहायचा. या हिशेबाने इन्सासला निरोप देणे योग्यही ठरेल; माझा त्या रायफलीवर जीव नाही. अडचण निराळी आहे. ज्या कारणाने जुन्या रायफलीचे दोष पंधरा-वीस वर्षे कुजत पडले, ते कारण नव्या रायफलीबरोबर आपोआप जात नाही. एके-२०३चा गॅस ब्लॉक पिनेने जखडलेला आहे म्हणून तो सैल होणार नाही असे धरले, तरी दुसरे काहीतरी सैल होईलच. तेव्हा सुटे भाग कोठून येणार, आराखड्याचे किती ज्ञान आपल्या हाती आले, आर्मररांचे शिक्षण कोण करणार, आणि बिघाडाची नोंद पलटणीकडून कोरव्यापर्यंत किती दिवसांत व कोणाच्या सहीने पोचणार?

हे प्रश्न संरक्षणविषयक स्थायी समितीतील सदस्य विचारू शकतात, आणि यातील एकाही उत्तरात शत्रूला उपयोगी पडेल असे गुपित नाही. समविचारी खासदारांनी येत्या अधिवेशनात ते लेखी विचारावेत. खडकी आणि देहूरोडच्या कामगार मित्रांनी त्यासाठी लागणारी तांत्रिक माहिती त्यांना आतापासून पुरवावी, आणि उत्तर आले तर ते जसेच्या तसे याच पानावर छापावे.